'तो पळतच नाही' हे तुम्हाला कुठून दिसलं?

फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, सीझन सुरू झाला की मेलबर्नमध्ये दर सोमवारी एकच वाद चालू असतो. वीकेंडला जी टीम हरली तिच्यातले दोन-तीन प्लेयर पकडायचे आणि ठरवून टाकायचं की यांना काही पडलेलीच नाहीये. पळतच नाही, सॉफ्ट आहे, मोठं कॉन्ट्रॅक्ट झालं आणि हा झोपला, अंगावर घ्यायला घाबरतो. ट्रेनमध्ये हेच, ऑफिसच्या किचनमध्ये हेच, रेडिओवर माजी खेळाडू हेच बोलणार, आणि ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला, मुलांना घेऊन आलेले आईबाप सुद्धा मुलांच्या समोर हेच बोलणार. इथली आपली मराठी मंडळीही यात मागे नाहीत, इतक्या वर्षांत प्रत्येकाने एकेक टीम आपली मानलीय आणि मी स्वतः कार्लटनचा. पण हा वाद ज्या पद्धतीने चालतो ती पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. फॉर्मवर हवं तेवढं भांडा, त्याला पुरावा असतो, बॉल सुटला तर सुटला, गोल चुकला तर चुकला. पण एखादा माणूस मनापासून खेळला की नाही याचा निकाल स्टँडमधून किंवा टीव्हीसमोर बसून देता येत नाही, आणि आपण तो देत बसतो तोवर क्लब चालवणारे लोक आरामात सुटतात. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कोणी बोलत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिकेटच्याच मैदानावर खेळतात, एमसीजी साधारण 160 मीटर लांब, दोन्ही बाजूंचे 18-18 लोक एकाच वेळी आत, ऑफसाइड वगैरे काही भानगड नाही, 20-20 मिनिटांचे चार क्वार्टर पण घड्याळ थांबत असल्यामुळे प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मिडफिल्डमधला माणूस एका मॅचमध्ये 13-14 किलोमीटर सहज पळतो, त्यात अंगावर येणारे वेगळे. आणि बेंचवरून आत-बाहेर करायला पूर्ण टीमला मिळून 75 वेळाच परवानगी. म्हणजे कधी फुल स्पीडने पळायचं आणि कधी चालत जागा धरायची हे ठरवणं हाच या खेळाचा अर्धा भाग आहे. जो प्रत्येक बॉलमागे धावतो तो तिसऱ्या क्वार्टरला संपतो आणि नेमका गरजेच्या वेळी चुकीच्या जागी असतो.

आता समोरच्यांचं जे खरंच वजनदार म्हणणं आहे ते आधी मान्य करतो. पहिलं म्हणजे फॅनला बोलायचा हक्क आहे आणि तो नुसता तिकीट घेतलेल्या गिऱ्हाइकाचा हक्क नाही. इथले बरेच क्लब सभासदांचे आहेत, सभासद बोर्ड निवडतात, रिचमंडने 2018 मध्ये 1 लाख सभासदांचा आकडा पार केला. आणि हे सभासद फक्त वर्गणी भरून गप्प बसणारे नाहीत. 1989 मध्ये फुट्सक्रे क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायचा निर्णय वरच्या पातळीवर झाला होता, तेव्हा एका सभासद बाईने कोर्टात धाव घेऊन वेळ मिळवला आणि लोकांनी रस्त्यावर डबे वाजवून पैसे गोळा करून क्लब वाचवला. तोच क्लब वेस्टर्न बुलडॉग्ज म्हणून 2016 मध्ये सातव्या नंबरवरून येऊन चॅम्पियन झाला, 1954 नंतर पहिल्यांदा. 1996 मध्ये हॉथॉर्न आणि मेलबर्न एकत्र करायचं ठरत होतं ते हॉथॉर्नच्या सभासदांनी मतदानात पाडलं. त्याच वर्षी फिट्झरॉय मात्र संपला, ब्रिस्बेनमध्ये गेला, आणि त्या क्लबची आठवण काढून रडणारी म्हातारी माणसं अजून इथे भेटतात. अशा लोकांना कोणी सांगू नये की तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. मी ते सांगतही नाहीये.

दुसरा मुद्दा यापेक्षा अवघड. लोक म्हणतात स्किल देवाने दिलेलं असतं, किक चुकू शकते, मार्क (किकवरचा झेल) सुटू शकतो, पण पळणं तर हातात आहे ना? मग जो पळत नाही त्याला बोलायचं नाही तर कोणाला बोलायचं? आणि कोच स्वतःच पत्रकारांसमोर सांगतात की आज एफर्ट कमी पडला, एफर्टवरून प्लेयरला टीमबाहेर काढतात, मग आम्ही बोललो तर काय बिघडलं? हे म्हणणं मी हलकं घेत नाही. एफर्ट नावाची गोष्ट आहेच, कधी कधी ती खरंच कमी पडते, आणि ती कमी पडली तर टीमबाहेर काढायलाच पाहिजे. पण कोचकडे काय असतं ते बघा. प्रत्येक प्लेयरच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये जीपीएस असतं, किती पळाला, कुठल्या स्पीडने, कितीदा ब्रेक मारून परत सुटला सगळं दिसतं. गोलच्या मागून घेतलेलं पूर्ण मैदानाचं फुटेज असतं ज्यात 36 माणसं एकाच फ्रेममध्ये दिसतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्या माणसाला आज काय काम दिलं होतं हे कोचला माहिती असतं, कारण त्यानेच दिलेलं असतं. आपल्याकडे यातलं काय आहे? टीव्हीवर बॉलच्या भोवतीचे वीस-पंचवीस मीटर आणि कॉमेंटेटरचा आवाज. कोचचा निष्कर्ष आणि आपला निष्कर्ष ऐकायला सारखे वाटले तरी एक माहितीवर उभा आहे आणि दुसरा रागावर.

डोळ्यांना काय फसवतं याचं एक उदाहरण नीट समजून घ्या, कारण माझ्या मते निम्मे आरोप इथूनच येतात. आपल्या टीमच्या डिफेंडरकडे बॉल आलाय. विंगवरचा एक जण जीव तोडून पुढे पळतो, साठ-सत्तर मीटर, कशासाठी तर किक मारायला एक पर्याय मिळावा म्हणून. आणि डिफेंडरची किक चुकते, बॉल समोरच्यांच्या हातात. आता खेळ उलटा फिरला आणि हा पुढे पळालेला माणूस त्याच्या मार्करपासून चाळीस मीटर लांब, चुकीच्या बाजूला. कॅमेरा वळतो तेव्हा काय दिसतं? समोरचा एकटा मोकळा पळतोय आणि आपला माणूस मागे हात कमरेवर ठेवून हळूहळू येतोय. सगळे ओरडतात, अरे पळ की! त्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त तोच पळालेला असतो, आणि आळशी म्हणून शिक्काही त्याच्यावरच. एका माणसाची खराब किक पाच-सहा जणांना कामचोर दाखवते. हरणारी टीम आळशी दिसते याचं मोठं कारण हेच आहे, ती बॉल जास्त वेळा घालवते म्हणून तिचे लोक कायम चुकीच्या बाजूला सापडतात. जिंकणाऱ्या टीमचं पळणं दिसतं कारण त्याच्या शेवटी बॉल मिळतो, हरणाऱ्या टीमचं पळणं वाया जातं आणि वाया गेलेलं पळणं कोणी मोजत नाही.

शिवाय आता बरंचसं डिफेन्स माणसामागे पळायचं राहिलेलंच नाही. 2008 च्या ग्रँड फायनलमध्ये समोर जीलॉंग होतं, त्या सीझनच्या 22 पैकी 21 मॅच जिंकलेलं, आणि कोच क्लार्कसनच्या हॉथॉर्नने त्यांना 26 पॉइंट्सनी हरवलं. हॉथॉर्नने ते वर्ष झोन डिफेन्सवर काढलं, म्हणजे माणूस सोडा, जागा धरा, सगळ्यांनी मिळून सरका. झोनमधला माणूस समोरून जाणाऱ्याच्या मागे पळाला तर उलट त्याने चूक केली. म्हणजे 'त्याने चेस केलाच नाही' हा आपला आरोप ज्या क्षणी असतो त्या क्षणी कदाचित तो सांगितलेलं काम करत असतो. 2021 पासून तर मार्कवर, म्हणजे समोरच्याने झेल घेतला त्या जागेवर, उभ्या असलेल्या प्लेयरला अंपायरने स्टँड म्हटलं की हलायलाच बंदी, हलला तर 50 मीटरची पेनल्टी. आणि त्या पहिल्या वर्षी मी माझ्या कानांनी ऐकलंय, लोक त्याच माणसावर ओरडत होते की नुसता उभा काय राहिलायस.

मग आकडे बघा असं म्हणणारे असतात. टॅकल किती, बॉल किती वेळा मिळाला. आकडे चांगलेच, पण आकड्यांनाही बॉलच्या जवळ असलेला माणूस जास्त दिसतो. सीझनच्या सर्वोत्तम प्लेयरचं ब्राउनलो मेडल अंपायर मतं देऊन ठरवतात, ते मैदानाच्या आत उभे असतात, आणि तरी ते मेडल मिळालेला फुल फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या गोलजवळ राहून गोल मारणारा, आजवर एकच, 1987 चा टोनी लॉकेट. मैदानाच्या आत उभ्या असलेल्या तटस्थ, अनुभवी माणसांची नजर जर एवढी बॉलला चिकटलेली असेल तर चौथ्या मजल्यावर बसलेल्या, आपलीच टीम हरताना बघणाऱ्या माणसाची किती असेल?

इथे मला दोन हाफटाइमची भाषणं आठवतात, दोन्ही या खेळाच्या इतिहासातली मोठी. पहिलं 1970 च्या ग्रँड फायनलचं. एमसीजीवर 1,21,696 लोक, हा रेकॉर्ड अजून आहे, आणि हाफटाइमला कार्लटन कॉलिंगवूडच्या 44 पॉइंट्स मागे. कार्लटनचा कोच रॉन बरासी. लोक सांगताना सांगतात की बरासीने पोरांना पेटवलं आणि ते जिद्दीने जिंकले. पण बरासीने केलं काय? हँडबॉल (हाताने पास) करा, सतत करा, बॉल थांबवू नका असं सांगून खेळायची पद्धत बदलली आणि बेंचवरचा टेड हॉपकिन्स आत सोडला. हॉपकिन्सने दुसऱ्या हाफमध्ये 4 गोल मारले, कार्लटन 10 पॉइंट्सनी जिंकलं. पहिल्या हाफमध्ये तीच पोरं आळशी होती का? आणि हा हॉपकिन्स पुढे जाऊन काय झाला तर चॅम्पियन डेटा, म्हणजे आज एएफएलचे, या खेळाच्या सगळ्यात मोठ्या लीगचे, सगळे आकडे जी कंपनी मोजते, तिचा संस्थापक. ज्याच्या येण्याने झालेला विजय जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात त्या माणसाने पुढचं आयुष्य नेमकं काय घडलं ते मोजण्यात घातलं, हे मला फार बोलकं वाटतं.

दुसरं भाषण 1975 चं. हॉथॉर्नचा कोच जॉन केनेडी, 1961 मध्ये क्लबला पहिली प्रीमियरशिप, म्हणजे चॅम्पियनपद, मिळवून देणारा, ज्याच्या टीमला तिच्या कडक फिटनेसमुळे केनेडीचे कमांडो म्हणायचे. एफर्ट या गोष्टीवर या माणसाइतका विश्वास क्वचित कोणाचा असेल. नॉर्थ मेलबर्नविरुद्ध टीम मागे पडली आणि हाफटाइमला तो पोरांवर ओरडला की विचार करू नका, आशा करू नका, निदान काहीतरी करा! ते भाषण आजही इथे दाखवतात, शाळेच्या टीमचे कोच त्याची नक्कल करतात. पण मॅचचं काय झालं हे किती जण सांगतात? हॉथॉर्न 55 पॉइंट्सनी हरलं. आणि समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये कोच कोण होता तर बरासीच. पुढच्याच वर्षी केनेडीच्या हॉथॉर्नने नॉर्थला फायनलमध्ये हरवलं हेही खरं, मी ते लपवत नाही, केनेडी मोठाच कोच होता. पण त्याच 1975 च्या फायनलसाठी हॉथॉर्नने पीटर क्रिमिन्सला टीममध्ये घेतलं नव्हतं. क्रिमिन्स कॅन्सरच्या उपचारांतून उठून परत खेळायला आलेला माणूस, त्याच्या इच्छाशक्तीवर शंका घ्यायची कोणाची हिंमत झाली नसती, आणि तरी त्याला बाहेर ठेवलं कारण प्रश्न शरीराचा होता. 1976 च्या ग्रँड फायनलनंतर तीन दिवसांत तो गेला. हॉथॉर्नचं सगळ्यात मोठं बक्षीस आज त्याच्या नावाने देतात. नुसत्या इच्छेवर हा खेळ चालत असता तर क्रिमिन्स त्या दिवशी मैदानावर असता, आणि हे केनेडीच्या क्लबला सुद्धा तेव्हा कळत होतं.

आता अलीकडचं बोलू. पॅट्रिक क्रिप्स, आमचा कॅप्टन. 2021 मध्ये त्याने सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि त्याच वर्षी त्याचा खेळ बसला. लगेच सगळं सुरू झालं, स्लो झालाय, संपला, पैसे मिळाले आता कशाला मरतोय. तो त्या सीझनला पाठीच्या फ्रॅक्चरसकट खेळत होता. पुढच्या वर्षी 2022 मध्ये त्याला 29 मतांनी ब्राउनलो मिळालं, 2024 मध्ये परत मिळालं आणि तेही 45 मतांनी, आजच्या मतपद्धतीत एवढी मतं कोणाला पडलेली नाहीत. ज्याला आपण आळशी म्हणत होतो तो त्या वर्षी अख्ख्या टीममध्ये सगळ्यात जास्त सोसून खेळत होता, आणि क्लबला ते पहिल्यापासून माहिती असणार, समोरच्या टीमने पाठीवरच मारू नये म्हणून कुठलाही क्लब असलं काही आधी सांगत नाही. याच्यासारखंच आपल्याकडे घडलेलं आहे. मार्च 2006, वानखेडे, इंग्लंडविरुद्ध टेस्ट, सचिन 1 रन करून आउट झाला आणि परत येताना घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच महिन्यात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सचिनला खेळायची इच्छा उरली नाही असं ज्यांना त्या दिवशी वाटलं त्यांनी काय बघितलं होतं?

क्रिप्स एकटाच नाही. चार्ली कर्नो 2019 ते 2021 गुडघ्यामुळे जवळपास बाहेरच होता, त्याला मोडीत काढलेलं होतं, 2022 आणि 2023 लागोपाठ दोन वर्षं सगळ्यात जास्त गोलांचं कोलमन मेडल त्याला. आणि 2023 चं अख्खं कार्लटन घ्या. सीझनच्या मध्यात सलग 6 मॅच हरलो, पंधराव्या नंबरवर, तेव्हा या टीमबद्दल जे बोललं गेलं ते मला अजून आठवतं, पोरांनी कोचला सोडून दिलंय, कोणाला क्लबची पडलेली नाही. मग सलग 9 मॅच जिंकल्या, पाचव्या नंबरवर आलो, दोन फायनल जिंकून प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या मॅचला, पोचलो. प्लेयर तेच, कोच तोच. जूनमध्ये या लोकांना काडीची लाज नव्हती आणि ऑगस्टमध्ये एकदम आली? की दुखापतीतून लोक परतले, बॉल पुढे न्यायची पद्धत बदलली, आणि मग तेच पळणं दिसायला लागलं? आणि सिडनीला काय म्हणाल? 2024 ला गुणतक्त्यात पहिले, ग्रँड फायनलमध्ये 60 पॉइंट्सनी हरले, त्याच्या दोन वर्षं आधी 81 नी. दोन्ही वेळा ऐकू आलं की ते खेळायलाच आले नाहीत. ज्या दिवसासाठी माणूस लहानपणापासून खेळतो त्या दिवशी एमसीजीवर लाखभर लोकांसमोर तो आळस करेल हे तुम्हाला खरंच पटतं?

शरीराचं निदान नंतर तरी कळतं. मनाचं तेही नाही. टॉम बॉइड, ड्राफ्टमधला, म्हणजे क्लब नवे प्लेयर निवडतात त्या यादीतला, पहिल्या नंबरचा प्लेयर, बुलडॉग्जने त्याला सात वर्षांचं भलंमोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि त्या पैशांवरून त्याला दर आठवड्याला मोजलं गेलं. 2016 च्या फायनलला त्याने 3 गोल मारले, तेवढ्यापुरता देव झाला, आणि पुढच्याच वर्षी डिप्रेशनमुळे सुट्टीवर गेला. 2019 मध्ये वयाच्या 23 व्या वर्षी खेळ सोडला. जेसी होगनचं 2017 असं गेलं की त्याचे वडील वारले आणि त्याला स्वतःला कॅन्सर निघाला, पुढे फ्रीमँटलला गेल्यावर अँग्झायटीमुळे थांबावं लागलं, त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते इथल्या लोकांना माहिती आहे. 2024 चं कोलमन मेडल त्याने 69 गोलांवर घेतलं. बडी फ्रँकलिन, आपल्या काळातला सगळ्यात मोठा फॉरवर्ड, 2015 च्या फायनल्समधून मानसिक आजारामुळे बाजूला झाला आणि 2016 ला 81 गोल मारून आला. तीनही वेळा क्लबने आणि डॉक्टरांनी वेळ दिला. स्टँडमधून कोणी काय दिलं?

लोक म्हणतील की पैसे घेतात ना, मग ऐकून घ्यावं. वर्षाला दहा लाख डॉलर घेणाऱ्याने टीका ऐकावीच, पण टीका खेळावर करा. पैसे घेतले म्हणून माणूस खोटारडा ठरवायचा परवाना मिळत नाही. आणि या परवान्याची किंमत पैशात नाही, डोक्यात मोजली जाते, अक्षरशः डोक्यात. आपण एफर्टची परीक्षा कशी घेतो? बॉल जमिनीवर आहे, समोरून माणूस येतोय, हा डोकं खाली घालून जातो का. गेला तर शूर, क्षणभर थबकला तर भित्रा, आणि तो शिक्का करिअरभर पुसला जात नाही. 2020 मध्ये माजी प्लेयर पॉली फार्मरच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार, सापडला, मग डॅनी फ्रॉलीच्या, मग शेन टकच्या, 2023 मध्ये हेदर अँडरसनच्या, जिचं वय गेली तेव्हा 28 होतं. अँगस ब्रेशॉने 2024 ला डोक्याच्या दुखापतींमुळे खेळ सोडला, त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये समोरच्याने त्याची किक अडवायला हवेत उडी मारली आणि धडक बसली. किक अडवायला झेप घेणं म्हणजे स्मदर, आणि स्मदर हीच तर ती गोष्ट जिच्यावर आपण उभे राहून टाळ्या वाजवतो, बघा किती एफर्ट म्हणून. नंतर लीगला त्यासाठी नियम बदलावा लागला. जो पोरगा अशा वेळी थबकतो त्याच्या डोक्यात काय चाललंय हे न कळता त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी या यादीकडे एकदा नीट बघावं.

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. माणसाची दानत लांबून ठरवायला लागलं की डोक्यात आधीपासून जे बसलेलं असतं तेच बाहेर येतं. आदिवासी प्लेयर चांगला खेळला की जादू, उपजत टॅलेंट, आणि वाईट खेळला की मेहनत नको याला. गोऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून मेहनती म्हणतात. अॅडम गुड्स, दोन ब्राउनलो, 2014 चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर, त्याच्याविरुद्ध आठवड्यामागून आठवडे हजारो लोक हुर्यो करत राहिले आणि विचारलं की सांगायचे हा फ्री किकसाठी पडतो, हा रडतो, याचा स्वभाव असा आहे. रंगाचा विषय नाही म्हणे. तो 2015 ला खेळ सोडून गेला, आणि लीगने आणि सगळ्या 18 क्लबांनी 2019 मध्ये माफी मागितली. या देशात बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ही भाषा तोंडात घेताना थांबावं. ऑफिसमध्ये आपल्याबद्दलही लांबून ठरवलं जातं ना, हे लोक असेच असतात म्हणून? तेव्हा कसं लागतं मनाला?

आणि आता मूळ मुद्दा. एफर्टवर बोट ठेवलं की चौकशी मैदानावरच संपते, वरच्या मजल्यावर जातच नाही. कार्लटन 2002 मध्ये क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा शेवटून पहिला आला. आणि त्या सीझननंतर काय निघालं? क्लबने सॅलरी कॅपच्या, म्हणजे प्लेयरच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, बाहेर लपवून पैसे दिले होते, पकडले गेले, 9 लाख 30 हजार डॉलर दंड आणि ड्राफ्टमधले वरचे हक्क गेले. ड्राफ्ट गेला म्हणजे पुढच्या पाच-सात वर्षांची टीम गेली. 2005 ला परत शेवटचे, 2006 ला परत. त्या वर्षांत जी कोवळी पोरं दर शनिवारी शंभर-शंभर पॉइंट्सचा मार खात होती त्यांना आमच्याच लोकांनी बाउंड्रीवरून शिव्या घातल्या की या जंपरची (जर्सीची) लायकी नाही तुमची. लायकी कोणाची नव्हती?

दुसरं 2009 चं मेलबर्न. तेव्हाच्या नियमात लागोपाठ दोन वर्षं चारपेक्षा जास्त मॅच जिंकल्या नाहीत तर ड्राफ्टमध्ये सुरुवातीला एक जास्तीचा नंबर मिळायचा. रिचमंडविरुद्धच्या एका मॅचमध्ये प्लेयर भलत्याच जागांवर खेळवले गेले आणि नंतर त्यावरून चौकशी झाली. 2013 मध्ये लीगने क्लबला 5 लाख डॉलर दंड केला, मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही असं म्हणत, पण कोच आणि फुटबॉल मॅनेजर दोघांना निलंबित केलं. मला या प्रकरणात नेहमी एकाच गोष्टीचं वाटतं. ती मॅच मेलबर्न हरलं ते शेवटच्या सायरननंतर मारलेल्या गोलवर. म्हणजे वरून टीम अशी विस्कटलेली असताना मैदानावरची पोरं इतकं पळत होती की समोरच्याला जिंकायला सायरननंतरची किक लागली. एफर्टवरून सगळ्यात मोठं बालंट आलं त्या मॅचमध्ये सुद्धा खोट प्लेयरमध्ये नव्हती.

म्हणून प्रेशर ठेवलं नाही तर प्लेयर सैलावतील हा शेवटचा मुद्दा मला पटत नाही. प्रेशर ठेवाच, पण जिथे निर्णय होतात तिथे ठेवा. रिचमंड 2016 ला तेराव्या नंबरवर होतं. कोच डेमियन हार्डविकला काढा म्हणून ओरड होती, कॅप्टन ट्रेंट कॉचिनला मऊ म्हणत होते, आणि सभासदांमधला एक गट बोर्ड पाडायला उभा राहिला होता. अध्यक्ष पेगी ओ'नील आणि त्यांच्या बोर्डाने कोच ठेवला पण त्याच्या भोवतीची माणसं बदलली, खेळायची पद्धत बदलली, फॉरवर्ड लाइनमध्ये एक उंच माणूस ठेवून बाकी छोटी चपळ पोरं घेतली जी समोरच्या डिफेंडरला श्वास घेऊ देत नव्हती. 2017 ला सगळे म्हणाले काय ती भूक, काय तो एफर्ट! ती भूक सिलेक्शनच्या टेबलावर ठरली होती. 37 वर्षांनी प्रीमियरशिप आली आणि तोच मऊ कॅप्टन कप उचलत होता. कॉलिंगवूड 2021 ला सतराव्या नंबरवर, कोच बदलून क्रेग मॅकरे आला, 2022 ला चौथे, 2023 ला 4 पॉइंट्सनी चॅम्पियन. रिचमंडच्या त्या बंड करणाऱ्या गटाचं म्हणणं शेवटी चुकीचं ठरलं, पण वाद त्यांनी योग्य जागी घातला होता, बोर्डासमोर, नावानिशी, योजना मांडून.

आम्ही कार्लटनवाल्यांनीही तिथेच जाऊन घालावा. प्रश्न भरपूर आहेत. मागच्या पाच ड्राफ्टमध्ये घेतलेल्यांपैकी किती जण आज नियमित खेळतायत आणि ती निवड कोणी केली? हॅमस्ट्रिंग आणि पोटरीच्या दुखापती आपल्याकडे जास्त होतायत का, होत असतील तर ट्रेनिंगचा लोड कोण ठरवतं? मिडफिल्डमधून फॉरवर्डला बॉल उंच आणि हळू जातो, तीन डिफेंडर जमेपर्यंत, ही पद्धत कोचने सांगितलेली आहे की नाइलाज आहे? 2021 ला कॅप्टन पाठीच्या फ्रॅक्चरवर खेळत होता तेव्हा त्याला खेळवायचा निर्णय कोणाचा होता, डॉक्टरचा, कोचचा, की गुणतक्त्याचा? वार्षिक सभेत हे विचारता येतं, सभासदाला उत्तर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर पुढच्या निवडणुकीत मत आपल्याच हातात आहे.